ड्रुइड्सवरचा निळा बावटा

माझे बाबा दौंडला रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या पेटीत दोन बावटे असायचे, एक लाल आणि एक हिरवा, काठीभोवती घट्ट गुंडाळलेले. आम्हा भावंडांना त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. पंधरा ऑगस्टला शाळेत फडकतो तो झेंडा, आणि हे बावटे. दोन्ही कापडाचेच, पण झेंड्याला सलाम करायचा असतो आणि बावट्याचं ऐकायचं असतं, असं बाबा सांगायचे. हे बोलणं मला खऱ्या अर्थाने समजलं ते इंग्लंडमध्ये, केंटमधल्या ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर, ए-वन ग्रांप्री या मोटारींच्या शर्यतीत मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बावटे दाखवणाऱ्या आणि अपघात सांभाळणाऱ्या माणसांपैकी एक म्हणून, उभी राहिले तेव्हा.

ए-वन ग्रांप्री बंद पडून आता बरीच वर्षं झाली, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते. दुबईचे शेख मक्तूम हशर अल मक्तूम यांनी ही मालिका सुरू केली. फॉर्म्युला वनमध्ये फेरारी, मॅक्लारेन असे संघ असतात. इथे संघ म्हणजे देश. चालक त्या देशाचाच हवा, गाडीवर रंगही देशाचेच. गाड्या मात्र सगळ्यांना एकसारख्या: लोला कंपनीची चासी म्हणजे सांगाडा, झायटेक कंपनीचं ३.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, साधारण ५२० अश्वशक्ती. पैसा ओतून आपली गाडी दुसऱ्यापेक्षा वेगवान करायची सोयच ठेवली नव्हती. म्हणून तर ब्राझील, फ्रान्स अशा या खेळात मुरलेल्या देशांच्या रांगेत लेबनॉन, इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारतही उभे राहू शकले. फॉर्म्युला वनला सुट्टी असते त्या थंडीच्या महिन्यांत ही मालिका चालायची आणि मे महिन्यापर्यंत संपायची.

पहिली शर्यत ब्रँड्स हॅचलाच झाली, २५ सप्टेंबर २००५ ला. आम्ही तेव्हा डार्टफर्डला राहायचो, ट्रॅकपासून गाडीने फार तर वीस-पंचवीस मिनिटं. नवऱ्याने तिकिटं आणली, मी डबा भरला आणि गेलो. त्या दिवशी एक छोटी आणि एक मुख्य अशा दोन शर्यती होत्या, ब्राझीलच्या नेल्सन पिके ज्युनियरने दोन्ही जिंकल्या. त्या मोसमात आपली गाडी अरमान इब्राहिम आणि करुण चंडोक यांनी चालवली. तिरंगी गाडी समोरून जायची तेव्हा नवरा उठून ओरडायचा, मीही ओरडले. पण दिवसभरात माझे डोळे पुन्हा पुन्हा वळत होते ते कठड्यामागच्या केशरी कपड्यांतल्या माणसांकडे. एक गाडी घसरून खडीत रुतली. क्षणात चौघंजण कठडा ओलांडून तिच्याकडे धावले. पाचवी एक बाई जागची हलली नाही. हातात पिवळा बावटा, नजर समोरच्या गाड्यांवर, पाठीमागे काय चाललंय ते बघायला मानही वळवली नाही. गाडी हलल्यावर तिने पिवळा बावटा काखेत मारला. बाबा गाडी सुटल्यावर मारायचे, अगदी तस्सा.

घरी आल्यावर शोधलं तेव्हा समजलं की ही सगळी माणसं स्वयंसेवक. एक पैसा मिळत नाही. कुणी नर्स, कुणी शिक्षक, कुणी सुतार. ती नसतील तर शर्यतच होऊ शकत नाही. मी ब्रिटिश मोटरस्पोर्ट मार्शल्स क्लबचा अर्ज भरला.

पहिला दिवस नुसता बघायचा असतो. पहाटे अंधारात निघायचं, हजेरीच्या कागदावर सही करायची आणि ज्या पोस्टवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या मार्शलांच्या ठाण्यावर, पाठवतील तिथे अनुभवी माणसाच्या मागे उभं राहायचं. पोस्टचा प्रमुख सगळ्यांना जवळ घेऊन दिवसाचं काम वाटून देतो: आग विझवणारे कोण, गाडी ढकलणारे कोण, बावट्यावर कोण. शिकाऊ मार्शलला एक कार्ड मिळतं. त्या त्या दिवशी काय केलं त्याची नोंद आणि वरिष्ठाची सही त्यावर होते. सह्या पुरेशा जमल्या आणि परीक्षकांची खात्री पटली, तरच पुढची पायरी. घाई करून काही मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कपड्यांचे नियम आधी विचित्र वाटले, कारण कळल्यावर पटले. आत सगळं सुती घालायचं. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. मंगळसूत्र, बांगड्या घरी. लाल किंवा पिवळी टोपी, छत्री, रेनकोट पोस्टवर आणायचा नाही. ताशी दोनशे किलोमीटरने येणाऱ्या चालकाच्या डोळ्याला तो बावटा वाटू शकतो.

आगीचं प्रशिक्षण थंडीत झालं. मोकळ्या जागेत लोखंडी ट्रेमध्ये इंधन ओतून पेटवलं. तोपर्यंत आग म्हणजे मला शेगडी आणि होळी एवढीच माहीत. दहा पावलांवरूनच चेहरा भाजायला लागला. शिकवणारे एकच गोष्ट सारखी सांगत होते: वारा पाठीशी घ्या. ज्वाळेवर मारू नका, तिच्या बुडाशी मारा. पहिल्याने पावडरीने आग दाबायची, दुसऱ्याने लगेच फोम पसरून ती पुन्हा पेटणार नाही हे बघायचं, म्हणून एकट्याने कधी जायचं नाही. आग विझली तरी तिच्याकडे पाठ करायची नाही, तोंड तिच्याकडेच ठेवून मागे सरकायचं. माझी पावडर पहिल्या खेपेला ज्वाळेच्या डोक्यावरून गेली. दुसऱ्या खेपेला गुडघे वाकवून खाली मारली आणि आग एकदम बसली. नळकांडं खाली ठेवलं तेव्हा हात थरथरत होते.

त्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. क्लबची साधी शर्यत होती. एक छोटी गाडी फिरून उलट्या तोंडाने थांबली, आम्ही ती ढकलायला गेलो आणि जोर लावताना मी येणाऱ्या गाड्यांकडे पाठ केली. दोन-तीन सेकंदच. शिट्टी वाजली, एका हाताने मला खांद्याला धरून कठड्याकडे ओढलं. पोस्टवर आल्यावर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ बावटेवाले, निवृत्त पोस्टमन, आवाज न चढवता म्हणाले, “तू गाडीकडे बघत होतीस. गाडी थांबलेली आहे, ती काही करणार नाही. न थांबलेल्यांकडे बघ.” त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून ट्रॅकवर उतरायच्या आधी, तोंड कुठे आहे, हे मी मनात म्हणून घेते.

२००७ च्या एप्रिलमध्ये ए-वन ग्रांप्रीचा शेवटचा टप्पा ब्रँड्स हॅचला होता. मी कठड्यामागे, हातात खराटा. मार्शलच्या हातात सर्वांत जास्त वेळ काय असतं, तर खराटा. खडी रस्त्यावर आली की झाडायची, तेल सांडलं की त्यावर पावडर टाकून घासायचं. त्या वर्षीचं विजेतेपद जर्मनीचं. त्यांचा निको हुल्केनबर्ग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आम्हाला ए-वनच्या गाडीची माहिती देताना सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. एरवी प्रत्येक गाडीची कळ वेगळ्या ठिकाणी. इथे सगळ्या देशांची गाडी एकच, त्यामुळे एका गाडीत इंजिन बंद करायची कळ कुठे, आग विझवायच्या यंत्रणेची ‘ई’ ही खूण कुठे, हे एकदा पाठ झालं की ते सगळ्या जगाला लागू. चालक कुठलाही असो, हात त्याच जागी जाणार.

मी बावट्याच्या कामासाठी नाव दिलं. ट्रॅकवर धावण्यात थरार जास्त आहे, खरं आहे. पण मला पहिल्या दिवसापासून तेच हवं होतं.

बावट्यावर दोघं असतात, एकमेकांकडे पाठ करून. एकाच्या हाती पिवळा, त्याची नजर पुढच्या वळणाकडे, जिथे अपघात होऊ शकतो तिकडे. दुसऱ्याच्या हाती निळा, त्याची नजर येणाऱ्या गाड्यांवर. पिवळेवाल्याच्या मागून गाड्या येत असतात आणि त्याला त्या दिसत नाहीत. त्याची पाठ सांभाळायची ती निळेवाल्याने. काही वेडंवाकडं येताना दिसलं तर त्याला धरून खाली बसवायचं. पिवळा म्हणजे धोका, वेग कमी, ओलांडायचं नाही. हिरवा म्हणजे पुढे रस्ता साफ. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. लाल मात्र आपल्या मनाने कधीच नाही, शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याचा हुकूम आला तरच. आणि निळा म्हणजे, तुझ्यामागे तुझ्याहून वेगवान गाडी आहे.

सांगायला सर्वांत सोपा निळा, दाखवायला सर्वांत अवघड. फार लवकर दाखवला तर चालक दुर्लक्ष करायला शिकतो. उशिरा दाखवला तर उपयोग नाही. कोण कोणाच्या फेरीत आहे, कोण पिटमधून, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यातून, नुकता बाहेर आलाय, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. पोस्टमन आजोबा माझ्यामागे उभे राहून नुसतं “आता” म्हणायचे. पुढे पुढे त्यांच्या “आता”च्या आधी माझा हात उठायला लागला, आणि एक दिवस ते काही बोललेच नाहीत.

१६ डिसेंबर २००७ ला चीनमध्ये झुहाईला नरेन कार्तिकेयनने मुख्य शर्यत जिंकली. भारताचा ए-वन ग्रांप्रीतला पहिला विजय. बातमी मी संगणकावर वाचली आणि बाबांना फोन लावला. त्यांना कार्तिकेयन माहीत होता, फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय म्हणून २००५ मध्ये पेपरात त्याचे फोटो यायचे. “तुमच्या तिथे कधी येणार तो?” बाबांनी विचारलं. मी म्हटलं, मे महिन्यात.

२००८ च्या मे महिन्यातल्या त्या लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी माझी नेमणूक ड्रुइड्सला झाली, निळ्या बावट्यावर. ब्रँड्स हॅच ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: सुरुवातीच्या सरळ रस्त्यानंतर पॅडॉक हिल नावाचं वळण आहे, तिथे रस्ता पायाखालून सरकावा तसा खाली जातो, आणि मग चढ लागतो. चढाच्या टोकाला झाडांमध्ये केसातल्या पिनेसारखं उजवं वळण, ते ड्रुइड्स. तिथून उतार. निळेवालीला चढावरून येणारी प्रत्येक गाडी समोरून दिसते: आधी आवाज, मग हेल्मेट, मग पुढची चाकं.

शनिवारी सरावात काय झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं तेच. चढावरून एक गाडी संथ येत होती, टायर तापवत. तिच्या मागे दुसरी पूर्ण वेगात. पुढची गाडी केशरी, पांढरी, हिरवी. आपली. आणि माझा हात उठायला अर्धा सेकंद लागला.

तो अर्धा सेकंद मला आत्ताही जाणवतो. माझ्या डोळ्यांनी गाडी पाहिली, रंग पाहिले, आणि हात कुठेतरी अडकला. मग निळा बावटा हलला, आपल्या गाडीने बाजू दिली, मागची निघून गेली. पाहणाऱ्या कुणाला काही वावगं वाटलं नसेल. माझ्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या आजोबांना तर ते दिसणं शक्यच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांना सांगितलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही वाटून खात होतो. ते बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, “माझ्या मुलाने इथे फॉर्म्युला फोर्ड चालवली होती. त्यालाही मी निळा दाखवलाय.” पुढे काही बोलले नाहीत, चटणी मात्र परत मागून घेतली.

४ मे, रविवार. ग्रेव्हसेंड इथून जवळ, तिथे पंजाबी वस्ती मोठी, त्यामुळे कुंपणापलीकडे तिरंगे बरेच दिसत होते. दूर कुठेतरी ढोल चालू होता. कुंपणाच्या अलीकडे आम्ही केशरी कपड्यांत. प्रेक्षकांच्या हातात झेंडे, आमच्या हातात बावटे. मला त्या दिवशी दोन्ही शब्द असलेल्या भाषेचा फार आधार वाटला.

मुख्य शर्यत सुरू झाली आणि पहिल्या फेरीला वीसहून जास्त गाड्या एकदम चढावर आल्या. तो आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. पहिल्या फेरीला निळ्याचं काम नसतं. काठी छातीशी धरून आजोबांची पाठ सांभाळत उभी होते. तिरंगी गाडी पुढच्या गाड्यांत होती. तासाभराहून मोठी शर्यत, त्यात प्रत्येकाला दोनदा पिटमध्ये जावंच लागतं, त्यामुळे मधल्या वेळात खरा पहिला कोण हे पोस्टवरून सांगणं अवघड. लाउडस्पीकरवर समालोचन चालू असतं, पण इंजिनांपुढे त्यातला एखादाच शब्द हाती लागतो. मी मोजत होते ते स्थान नाही, अंतर: कोण कोणाच्या किती मागे. एकदा, दोन्ही पिट थांब्यांनंतर, एक मागे पडलेली गाडी चढावर आली आणि तिच्या पाठोपाठ तिरंगी. हात उठला. शनिवारी लागला होता तो अर्धा सेकंद या वेळी लागला नाही. पुढच्या गाडीने बाहेरची बाजू धरली, नरेन आतून निघून गेला. तो माझ्यापासून दहा-बारा फुटांवरून गेला असेल. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, चढावर पुढची गाडी येत होती.

शर्यत संपल्याचं आम्हाला वायरलेसवर कळलं. प्रमुखांनी बोट वर करून “इंडिया” म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं.

एक पद्धत आहे. शेवटच्या बावट्यानंतर गाड्या एक फेरी हळू मारतात आणि तेव्हा सगळ्या पोस्टवरचे मार्शल कठड्याला येऊन हातात असेल तो बावटा हलवतात, टाळ्या वाजवतात. पहिल्यालाच नव्हे, सगळ्यांना. नरेन चढावरून आला, मुठी वर करत. मी निळा हलवला. त्या वेळी त्या निळ्याला काहीच अर्थ नसतो, म्हणून मनसोक्त हलवला. मग इतर देश आले. स्वित्झर्लंडच्या गाडीत नील यानी होता, त्याचे वडील भारतीय. तो मोसम त्याने स्वित्झर्लंडला जिंकून दिला. पाकिस्तानची गाडी आली, कुंपणापलीकडच्या ढोलवाल्यांनी तिच्यासाठीही ढोल वाजवला. शेवटची गाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो, ती गेल्यावरच बावटे खाली.

बक्षीस समारंभ खाली, पिटजवळ. ड्रुइड्सवरून काही दिसत नाही. मी खराटा घेतला, वळणावर खडी आलेली होती. झाडत असताना लाउडस्पीकरवर ‘जन गण मन’ सुरू झालं. आवाज झाडांमधून तुटक येत होता, पण इंजिनं सगळी बंद होती. मी खराटा धरून ट्रॅकच्या मधोमध ताठ उभी राहिले. डोळे भरून आले, पुसायला हात उचलला नाही. राष्ट्रगीत संपल्यावर वळून पाहिलं तर आमच्या पोस्टचे सहाही जण जिथल्या तिथे उभे होते, आजोबांची टोपी हातात. कुणी काही बोललं नाही. आम्ही उरलेली खडी झाडली.

रात्री बाबांना फोन केला. नरेन जिंकल्याचं त्यांना आधीच समजलं होतं. मी शनिवारचा तो अर्धा सेकंदही सांगितला. ते गप्प झाले, मग म्हणाले, “अगं, तुझी आजी वारली त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. दौंडहून गाडी मी वेळेवरच सोडली.” हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलेलं नव्हतं.

२००९ च्या ३ मेला मी पुन्हा ड्रुइड्सला होते. गाड्या नव्या होत्या, इंजिनं फेरारीची. आयर्लंडने अ‍ॅडम कॅरलच्या जोरावर तिथेच विजेतेपद पक्कं केलं. मालिका पैशांच्या अडचणीत आहे ही कुजबुज पोस्टवरही चालायची. पुढचा मोसम ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला सुरू व्हायचा होता, तो झालाच नाही. ब्रँड्स हॅचला सुरू झालेली मालिका ब्रँड्स हॅचलाच संपली. मला याचं वाईट वाटतं, अजूनही. देशादेशांची शर्यत सारख्या गाड्यांनिशी व्हावी ही कल्पना चांगली होती आणि तिला चारच मोसम मिळाले.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. एका क्लबच्या शर्यतीला त्यांना घेऊन गेले. ते दिवसभर ड्रुइड्सच्या कुंपणामागे घडीच्या खुर्चीवर बसून होते, गाड्यांकडे कमी, आमच्या पोस्टकडे जास्त बघत. संध्याकाळी सामान आवरताना मी त्यांची आजोबांशी ओळख करून दिली. एकाला मराठी आणि हिंदी, दुसऱ्याला फक्त इंग्रजी. बाबांनी माझ्या हातातला निळा बावटा घेतला, उलगडला आणि पुन्हा गुंडाळायला लागले: कापड ताणून, काठी फिरवत, शेवटचा कोपरा आत खोचून. मग मनगटाला एक झटका दिला आणि तो एका दमात पूर्ण उघडला. आजोबांनी तो परत गुंडाळायला मागितला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बाबांनी त्यांचा अंगठा धरून योग्य जागी ठेवला.